झील धरणारा कोण?



वसंतातली संध्याकाळ ऐकण्यासाठी चांगली. दिवसभराचा उन्हाचा ताव उतरलेला असतो, वारा सुटलेला असतो, आणि माणूस ओट्यावर किंवा मैदानात निवांत बसायला तयार असतो. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रात गावोगावी रुजली. एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि घरी जाताना ऐकलेल्याबद्दल आपसांत वाद घालावा, एवढा साधा हेतू. पुस्तकात नाव छापले जाते ते वक्त्याचे. श्रोत्याचे नाव कोणी छापत नाही. परंतु व्याख्यानमाला टिकते ती श्रोत्यांच्या जोरावर. आज आम्ही बोलणार आहोत ते मुख्यतः श्रोत्याविषयीच.

व्यवस्थापकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांच्या मनात पोवाडा असावा. ते साहजिकही होते. या गावात संग्रामदुर्ग आहे. १६६० साली शाहिस्तेखानाची प्रचंड फौज या लहानशा भुईकोटाभोवती येऊन बसली, आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. अशा गावात डफ-तुणतुण्याची आठवण निघणारच. आम्ही मात्र विषय कळवला तो असा : एक रॅप गाणे, त्याचा जन्म आणि त्याचे स्वागत. पत्र वाचून व्यवस्थापक हसले असतील. आपल्यापैकीही काहीजण आता हसत आहेत, ते आम्हांस येथून दिसते. आमची एवढीच विनंती, की अर्धा घटका धीर धरावा. पोवाडा यात येणार आहे.

हा विषय आम्हांस सुचला कसा ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात आमची एक चूक आहे.

आमच्या शेजारी एक तरुण राहतो. आय. टी. आय. झालेला आहे, एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो. त्याच्या आजोबांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, आणि नातू आज त्याच शिवारात, पण दाराशी ओळखपत्र दाखवून, आत जातो. एके दिवशी दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी तो आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, तुम्ही पोवाड्यावर लिहिता ना? मग हे जरा ऐका." खिशातून फोन काढून त्याने एक गाणे लावले. तो उभाच होता. गाणे संपल्यावर त्याने विचारले, "कसं वाटलं?"

आम्ही म्हणालो, "ठेका बरा आहे. पण शब्द फार पळतात."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन खिशात घालून कामावर गेला.

त्या रात्री आम्हांस चुकल्याचुकल्यासारखे झाले. मुलगा ठेक्याविषयी विचारायला आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही ते गाणे पुन्हा ऐकले, तिसऱ्यांदा ऐकले, आणि शब्द पळायचे थांबले. मग आमच्या ध्यानी आले, की गाणे जमिनीविषयी होते. ज्यांच्या पायाखालची भूमी विकासाच्या नावाने निघून जाते अशा माणसांविषयी होते. नातवाने आपल्या घरची गोष्ट आमच्यापुढे ठेवली होती, आणि आम्ही तिला ठेक्याबद्दल गुण देऊन परत पाठवली होती.

त्या गाण्याचे नाव 'द वारली रिव्होल्ट', म्हणजे वारल्यांचा उठाव. मुंबईच्या 'स्वदेसी' या तरुणांच्या मंडळीने आरेच्या जंगलात राहणारे आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर यांच्यासह ते केले आणि २०१९ साली प्रसिद्ध केले. आजच्या बोलीत त्याला 'सिंगल' म्हणतात. सिंगल म्हणजे संग्रहाची वाट न पाहता एकटेच बाहेर पाडलेले गाणे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून त्या काळी गाणे एकेकटेच घरी येई. तबकडी गेली, तरी गाण्याची ही लांबी बहुधा तीच राहिली. फरक एवढाच, की तबकडीला कंपनी लागे, दुकान लागे, पैसे लागत. आजचे गाणे एखाद्या खोलीत संगणकावर बांधता येते, आणि रात्री प्रसिद्ध केलेले सकाळी कोणाच्याही खिशात असते.

आता हे रॅप मुळात आले कोठून? अमेरिकेतून, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अमेरिकेतील कोणत्या वस्तीतून, हे कळल्यावर चाकणकरांस ते परके वाटणार नाही. न्यूयॉर्क शहरात ब्रॉंक्स नावाचा भाग आहे. रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याच्या योजनेनुसार, चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून त्या भागाच्या मधोमध एक रुंद महामार्ग काढण्यात आला. हजारो कुटुंबे उठली. शेजार तुटले. ज्यांना जाता आले ते गेले. ज्यांना जाता आले नाही त्यांच्या वाट्याला पडकी घरे, बेकारी आणि आगी आल्या. त्याच ब्रॉंक्समध्ये, सेज्विक ॲव्हेन्यूवरील एका इमारतीच्या सभागृहात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या एका कुटुंबातील मुलाने बहिणीच्या समारंभासाठी तबकड्या वाजवल्या. पुढे जगाने त्याला कूल हर्क या नावाने ओळखले. गाण्यातला नाचायला सर्वांत चांगला तुकडा असतो फार थोडा वेळ. या मुलाने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा आलटूनपालटून लांबवण्याची युक्ती चालवली. त्या लांबलेल्या तालावर कोणी बोलू लागले. बोलता बोलता यमके जुळवू लागले. हिप हॉपचा उगम सांगतात तो हा. पैसा नाही, वाद्ये नाहीत, शिकवायला गुरू नाही. दुसऱ्याच्या तबकडीतला ताल आणि स्वतःचे तोंड, एवढेच भांडवल.

१९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' या सिंगलने हा प्रकार अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवला. ते गाणे मौजेचे होते. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या मंडळींच्या नावावर 'द मेसेज' हे सिंगल निघाले. त्यात वस्तीतले जिणे जसे आहे तसे सांगितलेले होते. मौजेची गोष्ट अशी, की खुद्द त्या मंडळींचाच या गाण्याला विरोध होता. लोक नाचायला येतात, त्यांना घरचे दुःख कशाला ऐकवायचे, असे त्यांचे म्हणणे. गाणे निघाले आणि लोकांनी ते उचलून धरले. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, त्या पन्नासांत हे एक होते. लोकांना काय ऐकायचे आहे हे गायकांनाही नेहमी कळतेच असे नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

मुंबईत हे वारे शिरले ते गल्लीबोळांतून. २०१४ साली नेझी नावाच्या कुर्ल्याच्या तरुणाचे 'आफत' आणि २०१५ साली डिव्हाइन व नेझी यांचे 'मेरे गली में' या गाण्यांनी मुंबईच्या वस्त्यांतील मुलांना आपली बोली सापडवून दिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये झोया अख्तर यांचा 'गल्ली बॉय' हा चित्रपट आला, आणि रॅप हा शब्द आमच्या पिढीच्याही कानावर पडला. त्याच वर्षी 'वारली रिव्होल्ट' आले. पण चित्रपटातील नायक वस्तीतून वर येतो, नाव मिळवतो. या गाण्यात वर जाण्याची गोष्टच नाही. आहोत तेथे राहू द्या, एवढेच मागणे आहे. म्हणून ते आम्हांस अधिक धीट वाटते.

'स्वदेसी' ही मंडळी मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत गाते. कोणी मुंबईचा, तर कोणी अमरावतीकडची वऱ्हाडी घेऊन आलेला. त्यांपैकी धर्मेश परमार, ज्याला 'तोड फोड' या नावाने ओळखत, गुजरातीत रॅप करी. मार्च २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. ही नावे आमच्या पिढीला विचित्र वाटतात. पण अनंत फंदी हे नाव तरी त्या काळी सोवळे होते काय?

गाण्याला वारल्यांच्या उठावाचे नाव का दिले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डहाणू, उंबरगाव, तलासरी या भागांतले वारली वेठबिगारीत आणि लग्नगडीच्या बंधनात अडकलेले होते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी राबत. १९४५ साली गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि किसान सभा यांच्या साह्याने ते उठले. वेठ बंद झाली. गवतकापणीच्या मजुरीसाठी लढा झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या उठावाचे नाव पाऊणशे वर्षांनी मुंबईच्या पोरांनी उचलले. आम्हांस यात नवल वाटते ते असे, की आमच्यासारख्या वाचणाऱ्यांनी ते पुस्तक कपाटात नीट ठेवले होते, आणि ते नाव रस्त्यावर आणले ते ज्यांना आपण न वाचणारे म्हणतो त्यांनी.

आता आरेकडे वळू. मुंबईच्या गोरेगाव भागात १९४९ साली आरे दुग्ध वसाहत वसली. त्याआधीपासून त्या रानात आदिवासींचे पाडे होते. आजही तेथे सत्तावीस पाडे सांगतात. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाचे कारशेड, म्हणजे गाड्या ठेवण्याची व दुरुस्तीची जागा, आरेत करायचे ठरले. गाणे निघाले तेव्हा हा वाद पेटलेला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांविषयी मंजुरी दिली, त्यांतील काही तोडण्यासाठी व काही दुसरीकडे लावण्यासाठी. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. लोक धावले. जमावबंदी लागली. एकोणतीस जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. पुढे २०२० साली कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचे ठरले, २०२२ साली ते पुन्हा आरेत आले, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या मेट्रोच्या टप्प्याचे उद्घाटन झाले.

ही झाली हकीकत. आता आक्षेप. तीन आक्षेप आम्ही स्वतःच्या मनाशी घेतले, ते आपल्याही मनात असतील.

पहिला आक्षेप असा, की हे गाणेच नव्हे, ही बडबड आहे. सुरांची चढउतार नाही, आलाप नाही. यावर आमचे उत्तर असे, की मराठीला ही बडबड जुनी आहे. अठराव्या शतकातील अमृतरायांचे कटाव काय आहेत? अनुप्रासांच्या लडीमागून लडी, श्वास घ्यायला उसंत नाही. पोवाड्यात शाहीर गातो थोडे आणि सांगतो फार. भारुडात नाथांनी तर संवादच घातले. ज्याला पुष्कळ सांगायचे आहे आणि वेळ थोडा आहे, तो सूर आखूड करतो आणि शब्द दाट करतो. शब्द पळतात ही आमची तक्रार खरी तर आमच्या कानांबद्दलची तक्रार होती.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. पण ज्या पेटीवर आपण नाट्यगीते ऐकली ती पेटी कोठली? ती युरोपातून आली, आणि आज तिच्यावाचून आपले भजन उभे राहत नाही. वस्तू कोठून आली यापेक्षा ती येथे येऊन कोणाचे बोलणे बोलू लागली, हे पाहावे. या गाण्यात ब्रॉंक्सचा ताल आहे, आणि त्याच तालावर आरेच्या पाड्यावरचा आदिवासी माणूस आपल्या गळ्याने गात आहे. शहरी मुलांनी आदिवासींची बाजू मांडली आणि आदिवासी माणूस चित्रात मागे उभा राहिला, असे झालेले नाही. ज्याचे रान त्याचा आवाज, ही शिस्त त्यांनी पाळली. आमच्या साहित्यात ही शिस्त नेहमी पाळली जाते, असे म्हणवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. गाण्याचा उपयोग काय? गाणे झाले, लोकांनी ऐकले, आणि झाडे पडलीच.

येथे आम्ही थांबून प्रामाणिकपणे सांगतो, की गाण्याने झाडे वाचतात असे आम्ही मानत नाही. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीने गिरणगावातील एकाही कामगाराची बायको गावाहून मुंबईस आली नसेल. पण घरापासून तुटलेल्या माणसाचे दुःख हे माझ्या एकट्याचे नाही, ते माझ्या शेजारच्या गाळ्यातील माणसाचेही आहे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशीही त्याचे नाते आहे, हे त्या गाण्याने हजारो माणसांना कळले. गाणे दुःखाला नाव देते. मात्र त्यासाठी एक अट आहे. समोरच्याने झील धरली पाहिजे.

आपण पोवाडा ऐकलेला आहे. शाहीर पुढे उभा, मागे झीलकरी. शाहिराची ओळ संपली की झीलकरी 'जी रं जी' म्हणून ती उचलतात. ही काही नुसती विश्रांतीची सोय नव्हे. झील म्हणजे साक्ष. शाहीर जे म्हणाला ते आम्ही ऐकले, आणि आम्हीही त्याच बाजूस उभे आहोत, असा तिचा अर्थ. झील नसेल तर शाहीर एकटा पडतो, आणि एकट्याचे खरे बोलणेही वेड्याच्या बडबडीसारखे ऐकू येते.

रॅप करणाऱ्या मुलाच्या मागे बहुधा झीलकरी नसतात. तो गाणे सोडून देतो आणि वाट पाहतो. त्याचे स्वागत आज आपण किती तऱ्हांनी करतो पाहा.

एक तऱ्हा मोजण्याची. किती लाखांनी पाहिले, एवढेच विचारायचे. आकडा मोठा असला तर गाणे मोठे. पण कांद्याच्या बाजारात तोलणारा कांदा खात नाही. तोलणे आणि चव घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे चाकणच्या बाजारसमितीत वाढलेल्या माणसास आम्ही सांगायला नको.

दुसरी तऱ्हा फिर्यादीची. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, त्या शाहिरांना सरकारी बंदीची सवय करून घ्यावी लागली. ही तऱ्हा जुनी झाली म्हणावे, तर एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे या तरुणाच्या राजकीय उपहासाच्या मराठी रॅपवरून अंबरनाथला गुन्हा नोंदवला गेला. ते गाणे आवडणे न आवडणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु गाण्याला उत्तर गाण्याने द्यावे, ही शाहिरांच्या फडांवरील रीत. कलगीवाल्याने प्रश्न टाकला तर तुरेवाला उत्तर रचून आणी. तो चौकीवर जात नसे.

तिसरी तऱ्हा आमची. ती सर्वांत सभ्य, आणि म्हणूनच सर्वांत घातक. ठेका बरा आहे म्हणायचे, आणि म्हणणे ऐकायचेच नाही. फिर्याद करणाऱ्याने निदान शब्द ऐकलेले असतात. आम्ही तेही केले नव्हते.

स्वागताची खरी रीत कोणती, हे शोधायला चाकणकराने दूर जाण्याची गरज नाही. देहू येथून जवळ आहे. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवले गेले, आणि तेरा दिवसांनी ते कोरडे वर आले, अशी परंपरा सांगते. श्रद्धावंतांनी त्यात चमत्कार पाहिला. दुसरे काही म्हणतात, वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते, म्हणून ते तरले. आम्हांस या दोन म्हणण्यांत भांडण दिसत नाही. ऐकणाऱ्याने ओळ उचलली आणि स्वतःची करून दुसऱ्याला दिली, याहून मोठा चमत्कार कोणता? पाण्यावर सत्ता कोणाची का असेना, झीलकऱ्यांच्या गळ्यावर ती चालत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या गावाचा. चाकणला कारखाने नकोत असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणणे खोटे होईल. मुंबईला मेट्रो नको असेही नाही. लाखो माणसे रोज गाडीच्या दांडीला लोंबकळून कामाला जातात, त्यांना बसायला जागा मिळू नये काय? महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथे जिराईत माळ होते. आज तेथे मोटारी तयार होतात, आणि मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश यांची मुले येऊन पोट भरतात. चूल पेटली आहे. परंतु आपल्या गावाला 'संपादन', 'मोबदला', 'परतावा' हे शब्द कसे पाठ झाले आहेत! बाजारभावाचा हिशेब आपण तोंडी करतो. जमीन गेली त्या वर्षी घरात काय झाले, आजोबा बांधावर जाऊन काय पाहत उभे राहिले, आजीने बैल विकायला काढले तेव्हा ती कोणाशी किती दिवस बोलली नाही, याची मात्र एकही ओळ आपल्याकडे नाही. मोबदला मिळाला म्हणजे सांगण्यासारखे काही उरले नाही, असे आपण धरून चाललो. ज्यांची जमीन गेली त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या, आणि त्या खोल्यांत दूरगावची मुले राहिली. तीही आपापली शेते मागे ठेवून आलेली. एकाने जमीन दिली, दुसऱ्याने गाव सोडले. दोघे एका नळावर पाणी भरतात, आणि दोघांचे दुःख एकच आहे हे एकमेकांस ठाऊक नाही.

अशा गावात आरेचे एक गाणे येते. ते चाकणविषयी नाही, तरी चाकणचा मुलगा ते घेऊन शेजारच्या म्हाताऱ्याकडे जातो. का जातो? घरी बोलता येत नाही म्हणून. बापाला विचारले तर बाप म्हणतो, झाले ते झाले. मुलाला दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दांची काठी लागते. गाण्याचा उपयोग काय, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर हे आहे. वारल्यांच्या रानासाठी बांधलेले गाणे या शिवारात बोलायला तोंड देते. उद्या तो मुलगा स्वतःच चार ओळी लिहील. कदाचित् त्या कच्च्या असतील, यमक लंगडे असेल, एखादा शब्द कानाला बोचेल. त्या वेळी त्याच्यासमोर कोण बसलेले असेल, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

पंधरा दिवसांनी आम्ही त्या मुलाला रस्त्यात गाठले. म्हणालो, "बाबा, तुझं गाणं मी परत ऐकलं. मला तुझ्या आजोबांच्या रानाविषयी सांग." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, विहीर होती आमची. कारखान्याच्या कुंपणाच्या आत गेली. बुजवली म्हणतात, पण कुठं ते मला अजून नक्की सापडत नाही. शिफ्ट सुटली की मी शोधतो." तो रोज त्या आवारात काम करतो, आणि रोज आपल्या आजोबांची विहीर शोधतो. हे आम्ही त्याला पहिल्या दिवशी विचारले असते, तर पहिल्या दिवशी कळले असते.

म्हणून आपणांस विनंती एवढीच. घरी गेल्यावर आपल्या मुलाला, नातवाला, खोलीतल्या भाडेकरू पोराला म्हणावे, तू काय ऐकतोस ते मला ऐकव. न समजले तर पुन्हा लावायला सांगावे. मग त्याला ठेक्याविषयी काही न सांगता विचारावे, की यात तुझे काय आहे. जे उत्तर येईल त्याला झील धरावी. ती धरण्यापुरता गळा आम्हां सर्वांपाशी आहे.

आपण शांतपणे ऐकलेत. आमची बडबड येथे संपते. आता आपली पाळी.